पहिलं पाणी गिरणीचं

माझ्या बायकोचं माहेर मी फार कमी वेळा पाहिलं. लग्नानंतरच्या दिवाळीला गेलो होतो, आणि मग मुलगी लहान असताना एक-दोन सुट्ट्यांत. तरी त्या गावाचा इतिहास मला माझ्या स्वतःच्या गावापेक्षा जास्त माहीत आहे. तो मी ऐकला शारजाहून दुबईला जाणाऱ्या रस्त्यावर, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये. ती रास अल खोरला एका मराठी माणसाच्या धान्य-मसाल्याच्या कंपनीत अकाउंट्स बघायची. माझं ऑफिस त्याच्या बरंच पुढे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये. तिला सोडून मी पुढे जायचो. गाडी जागची हलेना झाली की ती रेडिओ बंद करायची आणि गावाबद्दल बोलायला लागायची.

तिच्या गावाला नदी नाही, कालवा आहे. होता म्हणायला हवं. कुठल्याशा मोठ्या दुष्काळात इंग्रज सरकारने लोकांना पोटावारी कामाला लावून तो खणून घेतला. पुढे जमीन एकदम उतरत होती, तिथे पाणी तीन टप्प्यांनी खाली आणलं. प्रत्येक टप्प्याला दगडी बांधकाम आणि लाकडी दारं बसवली. काम संपलं तेव्हा खणणाऱ्यांतले पुष्कळ जण परत गेलेच नाहीत, कारण मागे परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचंच पुढे गाव झालं. तिच्या पणजोबांची आई त्या माती वाहणाऱ्यांत होती. गावाचे भाग अजून वरचं दार, मधलं दार आणि खालचं दार याच नावांनी ओळखले जातात. ती मधल्या दाराची.

प्रत्येक ठिकाणी दारं दोन असायची आणि दोहोंच्या मध्ये एक लांबट दगडी हौद. खालच्या गावांतून कापूस भरलेली होडी आली की ती हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरून पाणी सोडायचं. पाणी चढेल तशी होडी चढायची. ती वरच्या कालव्याच्या पातळीला आली की पुढचं दार उघडायचं. शेवटच्या होड्या तिच्या आजोबांनी लहानपणी पाहिल्या होत्या. तिने फक्त रिकामे हौद पाहिले, ज्यांत गावातली पोरं पोहायला शिकायची. पण सांगायची अशी, की जणू होडीत बसूनच आली आहे.

"आत्ता आपण हौदात आहोत," ती म्हणायची. पुढे सिमेंटचा ट्रक, मागे कामगारांची बस. "पाणी भरेपर्यंत थांबा. हॉर्न वाजवून होडी चढत नाही."

"मी कुठे वाजवला?"

"तोंडावर वाजतोय ना तुमच्या."

पाणी जिथे खाली पडायचं तिथे त्याच्यावर चाकं बसवली गेली, आणि चाकांवर गिरण्या. वरच्या दाराला पिठाची गिरणी, मधल्या दाराला कापसातली सरकी काढायची, खालच्या दाराला तेलाची. कालव्याला पाणी बारा महिने नसायचं. आवर्तन, म्हणजे धरणातून पाण्याची पाळी, सुटलं की गिरण्या चालू व्हायच्या, आवर्तन संपलं की बंद. गावाने स्वतःचं सगळं त्यावर बसवून घेतलं होतं. घराची डागडुजी पाणी बंद असताना, लग्नं पाणी चालू असताना. बाहेरगावच्या व्याह्यांना याचं हसू यायचं. गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त घेऊन मुलीचा बाप आधी कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या घरी जायचा, त्या दिवशी पाणी असेल का ते विचारायला, कारण शेकडो माणसांच्या स्वयंपाकाला विहिरी पुरत नसत.

आवर्तनाचं पहिलं पाणी कोणी वापरत नसे. कोरड्या पात्रातून येताना ते वाटेतला सगळा पालापाचोळा, मेलेली जनावरं, फाटक्या चपला घेऊन यायचं. त्याने चाक फिरायचं, तेवढाच त्याचा उपयोग. बायका हंडे घेऊन गेल्या आणि पाणी काळं दिसलं, की एकमेकींना सांगायच्या, "पहिलं पाणी गिरणीचं गं, चला घरी." दुसऱ्या दिवशी पाणी निवळायचं. मग हंडे भरायचे, मग शेतं, आणि मग गेलेली माणसं.

हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी गाडी चालवत होतो आणि मला वाटलं, काहीतरी निसटलं. "गेलेली माणसं म्हणजे?"

"म्हणजे अस्थी हो. आमच्याकडे नदी कुठंय? मधल्या दारातनं सोडतात, दुसऱ्या पाण्यात."

"आणि पाणी नसताना कोणी गेलं तर?"

"थांबतं."

दारावर एक कोठी होती, दारं उचलायचा रहाट जिथे असायचा ती. तिच्या आढ्याला लाल फडक्यात बांधलेली गाडगी टांगून ठेवत, पाणी येईपर्यंत. कुठलं कोणाचं ते गावातल्या पोरांनाही माहीत असायचं. तिचे आजोबा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेले. पावसाळ्यापर्यंत ते तिथे होते. तिची शाळा कालव्याच्या पलीकडे, जायचा रस्ता त्या कोठीखालून.

"भीती नाही वाटायची?"

"कशाची? आजोबाच होते. मी हात करून जायचे."

पुढची गोष्ट ती तुकड्यातुकड्यांनी सांगायची, कधी मागची आधी. वीज आली, चाकं काढून भंगारात घातली, गिरण्या विजेवर चालू लागल्या. मग त्याही बंद पडल्या. सरकीच्या गिरणीत काही वर्षं कांद्याची साठवण होती, नंतर छप्पर उडालं. वरच्या अंगाच्या गावांत ऊस वाढला आणि कालव्याच्या दोन्ही काठांवर पंप बसले. गाव कालव्याच्या शेवटाला. आधी आवर्तनाचे दिवस कमी झाले, मग आवर्तनं. मी एकदा इथे बसून जुन्या सरकारी पुस्तकांतून त्या कालव्याची माहिती शोधली होती. लांबी मिळाली, भिजणाऱ्या जमिनीचा आकडा मिळाला. गावाचं नाव एका यादीत मिळालं, तेही चुकीचं लिहिलेलं. तिला दाखवलं तर म्हणाली, "मग लिहा ना तुम्ही. पुस्तकं वाचूनच डोळे घालवणार का?" मी हो म्हणालो होतो.

तिचं दुखणं लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. शारजातल्या हॉस्पिटलमध्ये ती फार दिवस नव्हती. एका दुपारी जरा बरं वाटत होतं, उशीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "तुम्ही माझं करायला जाल ना, तेव्हा धाकट्याला विचारून जा, पाणी आहे का."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. गावात तोच राहिलेला.

"असलं काही बोलू नकोस."

"बरं. मग कोणाला सांगू? पोरीला? ती म्हणेल, मम्मा, डोन्ट बी सो ड्रॅमॅटिक."

मुलगी खुर्चीत पाय घेऊन बसली होती. फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आय हर्ड दॅट."

आम्ही तिघंही हसलो. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि पहिल्या पाण्यात नको हं. घाण असते." मी मान हलवली. तिने माझ्याकडे मागितलेली शेवटची गोष्ट हीच. पुढे काही बोलणं झालं ते पाणी, औषध, दुखतंय आणि नाही, एवढंच.

दहन इथेच केलं. अस्थींचा कलश घेऊन आम्ही घरी आलो, आणि संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, कलश घरात ठिवू नका. बाहीर टांगा."

आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. इथे बाहेर म्हणजे कुठे, ते त्यालाही सांगता येईना. शेवटी बंद बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या वर जो पाइप आहे त्याला लाल फडक्यात बांधून टांगला. तिच्या गावात पाणी नसताना ठेवतात तसंच हे, असं मी मुलीला समजावलं. तिने ऐकून घेतलं. चार-पाच दिवसांनी पाहिलं तर ती कपडे पिशवीत भरून खाली लाँड्रीत घेऊन निघाली होती.

"मशीन बिघडलंय का?"

"नो बाबा. आय जस्ट कान्ट. शी इज राइट देअर."

तेव्हापासून आम्ही दोघंही कपडे खालीच देतो.

पाण्याची वाट बघणं सुरू झालं. मेव्हणा दर आठवड्याला कालव्याच्या ऑफिसात चौकशी करायचा आणि मला फोन करायचा. दिवाळीनंतर पाणी सुटेल असं म्हणत होते, सुटलं नाही. ऑफिसात मी माझ्या मॅनेजरला सांगून ठेवलं होतं की मला अचानक रजा लागेल, तारीख सांगता येणार नाही. तो इजिप्तचा. त्याला कारण सांगायला बराच वेळ लागला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, इन्शाल्ला, आणि मला पाठीवर थोपटलं. मला वाटतं, त्याला समजलं होतं.

जानेवारीत पाणी सुटलं. धरणातून निघून गावाला पोचायला त्याला काही दिवस लागतात, त्यामुळे मला वेळ होता. अस्थी नेण्याचे कागद तयारच होते. तिकीट काढलं. मुलीची परीक्षा होती, म्हणून मी एकटाच जाणार होतो आणि ती मला एअरपोर्टवर सोडायला निघाली. कलश माझ्या मांडीवर. आम्ही रस्त्यात असताना फोन वाजला. तिने स्पीकरवर घेतला.

"दाजी, निघाला का?"

"रस्त्यात आहे."

"येऊ नका, दाजी. पाणी मागंच थांबलंय. वरच्यांनी मोटारी टाकल्यात, रात्रंदिवस उपसा चाललाय. पाटकरी म्हंतोय, टेलला, आपल्याकडं, थेंब यायचा न्हाई."

"एखाद-दोन दिवसांनी?"

"आवर्तन उद्या बंद करत्यात."

मुलीने पुढच्या यू टर्नला गाडी वळवली. येताना शारजाच्या बाजूला नेहमीसारखी गर्दी होती आणि आम्ही तासभर एका जागी उभे होतो. गाडीत कोणीतरी बोलायची सवय आम्हा दोघांना होती.

तुम्ही विचाराल, दुसरी नदी नव्हती का. होती. नाशिक होतं, आळंदी होती. माझे स्वतःचे आईवडील मी नाशिकलाच सोडले. ऑफिसातल्या एकाने तर सगळी व्यवस्था करून देणाऱ्या माणसाचा नंबरही दिला. पण तिने नदी मागितली नव्हती. ती मागण्यात हावरट नव्हती कधी. तिने मागितलेलं पाणी हे दोन दारांच्या मधल्या होडीभर रुंदीचं होतं, आणि दुसऱ्या दिवसाचं. तेवढं मिळेल असं मला उन्हाळ्यापर्यंत वाटत राहिलं.

उन्हाळ्यात मेव्हण्याने फोन करून जरा इकडचं तिकडचं बोलून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, एक सुचवू का? रागवायचं न्हाई."

"बोल."

"टँकर आणतो. मधल्या दाराच्या वर वाळूची पोती लावून पाणी अडवायचं, हौद भरला की दार उचलायचं. चांगलं पाच-धा मिन्टं वाहतंय. वाहतं पाणी झालं का न्हाई?"

त्याला वाटलं मला पटलेलं नाही. "आता समद्यांचं असंच करत्यात, दाजी. कोण कुठवर थांबणार? आईचं पण तसंच केलं."

त्यांची आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आम्हाला व्हिसाच्या भानगडीत जाता आलं नव्हतं. नंतर भावाने बहिणीला फोनवर सांगितलं होतं की पाणी होतं, आईला दुसऱ्या पाण्यात सोडली. ती त्या दिवशी गाडीत खूप बोलली होती. आईचं नशीब, म्हणाली होती, ऐन उन्हाळ्यात पाणी आलं.

"ताईला बोललो न्हवतो," मेव्हणा म्हणाला. "लांब हाय, जिवाला लावून घेईल म्हणून. तुम्ही पण बोलू नका…" आणि मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो थांबला.

मी टँकरला नको म्हणालो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ते पाणी कोणाच्या तरी शेतातल्या बोअरचं असणार, वरच्या दारातून आलेलं नसणार, हे खरं होतं. पण त्याच्या आईला जे चाललं ते माझ्या बायकोला का चालू नये, असं त्याने विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने विचारलं नाही. "बरं, मग थांबा," एवढंच म्हणाला. त्याला लागलं होतं. त्यानंतर त्याचे फोन कमी झाले.

पावसाळा संपता संपता त्याने एक व्हिडिओ पाठवला, सोबत एक अक्षरही नाही. कालव्याच्या पात्रात पोकलेन उभा होता. काठावर माणूस वाकून आत जाईल एवढे काळे पाइप ओळीने पडले होते. मागे मधलं दार दिसायला हवं होतं, ते दिसेना. मी फोन केला.

"लाकडी दारं तर कवाच गेली हुती. लोखंडी बसवल्याली, ती गॅसनं कापून नेली," तो म्हणाला. "कोठी पण पाडली. आता पाणी पायपातनं येणार. गळती न्हाई, चोरी न्हाई, चांगलं हाय म्हंत्यात."

"आणि कालवा?"

"मुरूम टाकून बुजवायलेत. वरनं रस्ता करणार." मग हळू आवाजात: "गाव खूश हाय, दाजी. खरं सांगायचं तर मी पण. माझ्या शेताला येईल पाणी."

त्याच्यावर रागवावं असं यात काहीच नव्हतं. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसून राहिलो. मुलगी आली तेव्हा तिला व्हिडिओ दाखवला. तिने दोनदा पाहिला. "सो देअर इज नो कॅनाल?"

"नाही."

"लाइक, एव्हर?"

ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. मग मराठीत म्हणाली, "बाबा, तिला किती दिवस असं ठेवायचं?" ती मराठीत बोलते तेव्हा शब्द शोधत बोलते, आणि त्यामुळे ते वाक्य मला फारच सरळ लागलं.

अस्थी इथल्याच समुद्रात सोडायचं ठरलं, आणि बोटीची व्यवस्था बायकोच्या कंपनीच्या मालकांनी केली. त्यांना सगळे काका म्हणतात. पन्नासेक वर्षं इथे काढलेला माणूस. "वहिनींनी माझ्याकडे एवढी वर्षं काम केलं, एवढं तर करू द्या," म्हणाले. "परवानगी-बिरवानगी माझा माणूस बघेल. आणि हे बघा, सगळे समुद्र शेवटी एकच." मी त्यांना हो म्हणालो. नाही म्हणण्यासाठी आता काही शिल्लक नव्हतं.

त्या सकाळी बोटीत आमच्याबरोबर एक गुजराती कुटुंब होतं, त्यांचे वडील गेले होते. त्यांनी झेंडूची फुलं पुष्कळ आणली होती आणि त्यातली थोडी आम्हालाही दिली. आम्ही काहीच नेलं नव्हतं. बोट चालवणारा माणूस बलुचीसारखा दिसत होता, हिंदी बोलत होता. किनारा मागे धूसर झाल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि हातानेच इशारा केला, की इथे.

वारा अजिबात नव्हता. गरमीने समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे झाले होते. मुलीने फडक्याची गाठ सोडली. तिला ती सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. आम्ही दोघांनी मिळून कलश वाकवला. जड होतं ते लगेच बुडालं. राख मात्र पाण्यावर पसरली आणि तिथेच राहिली. बोटीला लागून एक करडा तवंग, त्यात आमची चार फुलं. आम्ही बघत राहिलो. ती जागची हलत नव्हती.

मी त्या माणसाला विचारलं, "ये बहता नहीं क्या?"

"अभी पानी खड़ा है साब. टाइड बाद में." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "बहना चाहिए? रुको, इंजन मारता हूं."

त्याने इंजिन चालू केलं. बोटीच्या मागे पाणी उसळलं, फेस आला, डिझेलचा वास आला, आणि राख त्या फेसात ओढली गेली. गुजराती कुटुंबातल्या बाईंनी हात जोडले, म्हणून मीही जोडले. आमची फुलं आणि त्यांची फुलं एकत्र होऊन गोल फिरत मागे गेली. तो आमच्याकडे वळून बघत होता. पुरेसं लांब गेलं असं त्याला वाटलं तेव्हा त्याने विचारलं, "खलास?"

मी मान हलवली.

त्याने बोट वळवली. बंदर त्याच बाजूला होतं, त्यामुळे परत जाताना आम्ही त्याच पाण्यातून गेलो. मुलगी खाली बघत नव्हती. मी बघितलं. पुढच्या टोकाने फुलं दोन बाजूंना झाली आणि बोटीखाली गेली.